सरासरी वय अडीच वर्षे

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची मोफत प्रणाली सुरू होताना काही फाइली गुपचूप वाचते. त्यातली एक खास वापरणाऱ्याची असते, ‘डॉट-आरप्रोफाइल’. नावाच्या सुरुवातीलाच टिंब असल्याने मॅक आणि लिनक्सवर ती एरवी फोल्डरमध्ये दिसतही नाही. तीत लिहिलेल्या आज्ञा दर वेळी आपोआप चालतात. नवी पॅकेजेस कुठल्या सर्व्हरवरून उतरवायची, दशांश किती अंकांपर्यंत दाखवायचे, हे एकदा लिहून ठेवले की पुन्हा सांगावे लागत नाही. ही सोय जरूर घ्यावी. पण ज्या ओळीने उत्तरच बदलते, तिला या फाइलीत थारा देऊ नये.

उत्तर बदलते म्हणजे काय, ते पाहू. वयाच्या रकान्यात ४५, ६२, ७ अशा नोंदी आहेत आणि चौथ्या जागी कुणीतरी ‘नोंद नाही’ असे टाइप केले आहे. त्या दोन शब्दांमुळे अख्खा रकाना मजकूर ठरतो. आरच्या जुन्या आवृत्त्या असा मजकूर वाचताना त्याचे ‘फॅक्टर’ करत, म्हणजे प्रत्येक वेगळ्या नोंदीला आतून क्रमांक देत. मग रकान्याचे आकड्यांत रूपांतर करा म्हटले, की वयांऐवजी हे क्रमांकच हाती येत: १, २, ३, ४. सरासरी वय अडीच वर्षे! चुकीचा संदेश नाही, इशारा नाही. याला वैतागून अनेकांनी फॅक्टर न करण्याची ओळ आपल्या प्रोफाइलमध्ये टाकली. त्यांच्याकडे चौथी नोंद इशाऱ्यासह रिकामी धरली जाई आणि उरलेल्या तिघांची सरासरी ३८ येई. मात्र तीच स्क्रिप्ट सहकाऱ्याला पाठवली की त्याच्याकडे पुन्हा अडीच. स्क्रिप्ट अक्षरशः तीच. फरक होता तो न पाठवलेल्या फाइलीत.

यावर कुणी म्हणेल, की मुळात आरचे ठरलेले वागणेच सदोष होते, मग ते सुधारले तर बिघडले कुठे? सुधारणा योग्यच होती; एप्रिल २०२०मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीत आरनेही तीच स्वीकारली. पण त्यामुळे ठरलेले वागणेसुद्धा कायमचे नसते, हेही दिसले. म्हणून फाइल वाचणाऱ्या आज्ञेतच फॅक्टर नको असे लिहावे. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये तेच तेच लिहायचा कंटाळा येतो, ही तक्रार खरी आहे. पण ती एक ओळ स्क्रिप्टबरोबर प्रवास करते आणि तपासणाऱ्याच्या नजरेस पडते.

याहून वजनदार आक्षेप चमूने काम करणाऱ्यांचा. सगळ्यांचे वातावरण एकसारखे हवे, तर सुरुवातीची फाइलच उपयोगी नाही का? आहे, पण ती प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवलेली. पॅकेजांच्या आवृत्त्या बांधून ठेवणारे ‘आर-एन्व्ह’ हेच करते, आणि ती फाइल प्रकल्पासोबत सगळ्यांकडे जाते. एक मेख मात्र आहे: चालू फोल्डरात अशी फाइल सापडली की आर घरच्या फोल्डरातली वाचतच नाही. त्यामुळे घरच्या फाइलीवर विसंबलेल्याचे उत्तर निव्वळ फोल्डर बदलल्यानेही बदलू शकते. आपली स्क्रिप्ट अशी विसंबून आहे का, हे पाहायला आर ‘व्हॅनिला’ हा पर्याय देऊन सुरू करावे. मग ते यातली एकही फाइल वाचत नाही.