मायदेशाकडे पाठ केलेली थडगी

केई कुमाई यांचा 'सांदाकान क्रमांक ८' हा जपानी चित्रपट १९७४ साली प्रदर्शित झाला. कुंटणखान्यातील जीवनावरच्या या चित्रपटाचा शेवट ना नायिकेच्या मृत्यूने होतो, ना तिच्या सुटकेने. तो होतो बोर्निओच्या रानात झाडाझुडपांत हरवलेल्या थडग्यांपाशी. या शेवटाचा अर्थ कळायचा, तर त्यामागचा इतिहास ठाऊक हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्युशू प्रदेशातील आमाकुसा, शिमाबारा अशा दरिद्री भागांतील असंख्य मुली परदेशांतील कुंटणखान्यांत विकल्या गेल्या. त्यांना 'कारायुकी-सान' म्हणत. सिंगापूर, बोर्निओ, इतकेच नव्हे तर मुंबईच्या कामाठीपुऱ्यातही त्या पोहोचल्या होत्या. लेखिका तोमोको यामाझाकी यांनी आमाकुसातील अशाच एका वृद्धेसोबत राहून तिची कहाणी ऐकली आणि १९७२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चित्रपट त्याच ग्रंथावर बेतलेला आहे.

चित्रपटातील ओसाकी लहान वयात ब्रिटिश अमलाखालील उत्तर बोर्निओत नेली जाते. तिच्या कमाईवर भावाचे घर उभे राहते. मात्र ती परतल्यावर त्याच घरात तिचे येणे लाजिरवाणे ठरते. पुढे पोटचा मुलगाही तिला दूर ठेवतो. मोडक्या झोपडीत मांजरांच्या सोबतीने राहणारी ही वृद्धा, आपली कहाणी ऐकायला आलेल्या संशोधिकेला निरोप देताना तिच्या वापरातला टॉवेल भेट म्हणून मागते आणि तो चेहऱ्याशी धरून हमसाहमशी रडते.

हा प्रसंग शेवट म्हणून पुरेसा ठरला असता. परंतु कुमाई प्रेक्षकाला सांदाकानला नेतात. तेथे ही संशोधिका त्या स्त्रियांची थडगी शोधून काढते आणि तिच्या ध्यानात येते, की साऱ्या थडग्यांची पाठ जपानकडे आहे. मायदेशी परतण्यात हित नाही, असे ओकिकू या वडीलधाऱ्या मालकिणीने मुलींना बजावलेले असते. ओसाकी परतली आणि तिच्या वाट्याला काय आले, हे प्रेक्षकाने आधीच पाहिलेले असते. त्यामुळे ओकिकूचा इशारा खरा ठरल्याची साक्षच ती थडगी देतात.

चित्रपटाच्या मूळ जपानी नावात 'बोक्यो' असा शब्द आहे. त्याचा अर्थ मायभूमीची ओढ. ज्यांना ही ओढ सर्वाधिक होती, त्यांनीच अखेर पाठ फिरवली. आधी पाठ कोणी फिरवली, हा प्रश्न दिग्दर्शक शब्दांत विचारत नाही. थडग्यांची दिशाच तो विचारते.

वृद्ध ओसाकी साकारणाऱ्या किनुयो तानाका यांना १९७५ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सांदाकान आता मलेशियाच्या साबा राज्यात आहे. तेथील टेकडीवरची जुनी जपानी दफनभूमी आजही पाहता येते.