विजेचा टेम्पो घ्यावा का?

पुरंदर तालुक्यात सासवडच्या आसपास कुठल्याही पारावर सकाळी बसा. दुधाचे बोलणे निघते, वाटाण्याचे निघते, अंजिराचे निघते. हल्ली आणखी एक बोलणे निघते. कोणीतरी खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढतो. त्यावर टेम्पोचे चित्र असते. खाली छापलेले असते, ‘एकदा चार्ज करा, १५५ किलोमीटर चालवा.’

“पेट्रोल नको, डिझेल नको. रात्री पिन लावायची, सकाळी गाडी तयार,” एक जण म्हणतो.

“घाटात बंद पडली म्हणजे कळेल,” दुसरा म्हणतो.

दोघांनीही हिशेब केलेला नसतो. तो आपण करू. अवघड नाही. पाटी-पेन्सिल जवळ घ्या.

आधी ही गाडी असते तरी कशी, ते पाहू. पूर्वी विहिरीवर डिझेलचे इंजिन असे. ते धडधड करी, धूर सोडी, तेल खाई. मग गावात वीज आली आणि विहिरीवर विजेची मोटार बसली. टेम्पोतही तसेच झाले आहे. इंजिन गेले, मोटार आली. फरक एवढाच, की विहिरीच्या मोटारीला तारेतून वीज मिळते, आणि टेम्पोला आपली वीज बरोबर न्यावी लागते. ती जिथे साठवतात ती बॅटरी. सगळी महागाई त्या बॅटरीत आहे.

वीज युनिटात मोजतात. हजार वॅटची शेगडी एक तास चालली, की मीटरवर एक युनिट पडतो. पेट्रोल जसे लिटरने, तशी वीज युनिटाने.

आता किंमत. तुम्ही ज्याला छोटा हत्ती म्हणता, तो टाटा कंपनीचा ‘एस’ टेम्पो २००५ साली निघाला. त्याच घराण्यातला ‘एस प्रो’ जून २०२५ मध्ये आला. तो पेट्रोलवरही मिळतो आणि विजेवरही. माल दोन्हींत ७५० किलो. म्हणून तुलना सोपी जाते, आणि म्हणूनच तो इथे घेतला आहे. इतर कंपन्यांचेही विजेचे टेम्पो आहेत. तुम्ही कुठलाही पाहा, रीत हीच.

हा टेम्पो निघाला तेव्हा पेट्रोलच्या गाडीची किंमत ३ लाख ९९ हजार रुपयांपासून होती. विजेच्या गाडीची ६ लाख ५० हजारांपासून. म्हणजे फरक अडीच लाखांचा. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने पेट्रोल-डिझेलच्या मालगाड्यांवरचा जीएसटी शेकडा २८ वरून १८ वर आणला. त्या गाड्या स्वस्त झाल्या. विजेच्या गाडीवर तो २०१९ पासून शेकडा ५ च होता, तो तसाच राहिला. फरक वाढला, हे उघड आहे. जास्तीच्या रकमेवर बँकेचे व्याज बसणार. घरी जाड तार, अर्थिंग, नवा प्लग यांचा खर्च येणार. हे सगळे मिळून जास्तीचा खर्च आपण ३ लाख ६० हजार रुपये धरू. तुमच्या वेळचे भाव विचारून तुम्ही हा आकडा बदला.

जास्तीचे पैसे मोजायचे ते कशासाठी? रोजचा खर्च कमी व्हावा म्हणून. तो किती कमी होतो?

समजा, पेट्रोलचा टेम्पो माल भरून एका लिटरात १६ किलोमीटर जातो. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरा. एका किलोमीटरला साडेसहा रुपये पडले. विजेचा टेम्पो एका युनिटात ६ किलोमीटर जातो असे धरा. युनिट १२ रुपयांना धरा. किलोमीटरला दोन रुपये पडले. म्हणजे दर किलोमीटरला साडेचार रुपये वाचले.

३ लाख ६० हजारांना साडेचारने भागा. उत्तर येते ८० हजार. विजेचा टेम्पो ८० हजार किलोमीटर चालला, की जास्तीचे पैसे फिटले. त्यानंतरची बचत तुमची.

आता खरा प्रश्न येतो. हे ८० हजार किलोमीटर तुमचे किती दिवसांत होणार?

सासवडहून पुण्याचे मार्केट यार्ड जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर धरा. एक दूध गोळा करणारा आहे. तो वर्षातले ३०० दिवस एवढी चाल करतो. वर्षाला २१ हजार किलोमीटर झाले. पावणेचार-चार वर्षांत त्याचे पैसे फिटतात. दुसरा अंजिराचा बागायतदार आहे. त्याचा खट्टा बहार आणि मीठा बहार मिळून, मध्ये थोडे सीताफळ धरून, यार्डाच्या शंभर खेपा होतात. वर्षाला ७ हजार किलोमीटर. त्याचे पैसे फिटायला अकरा वर्षांवर लागतील. बॅटरीची हमी कंपन्या साधारण सात-आठ वर्षांची देतात. म्हणजे हमी आधी संपेल, पैसे नंतर फिटतील. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो. अंजीर काही दर महिन्याला येत नाही.

गाडी तीच, रस्ता तोच, घाट तोच. एकाला ती परवडते, दुसऱ्याला परवडत नाही. पेट्रोलची गाडी उभी राहिली तर पेट्रोल तरी जळत नाही. विजेची गाडी उभी राहिली, तर जिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ती बचतच होत नाही. त्या बागायतदाराने भाड्याचा टेम्पो लावावा, किंवा दोघातिघांनी मिळून एक गाडी घेऊन तिला बाराही महिने काम द्यावे, असे आमचे मत. भाऊबंदकीत भागीदारीची गाडी चालते का, हा प्रश्न वेगळा. तो ज्याचा त्याने सोडवावा.

आता त्या कागदावरच्या १५५ किलोमीटरांकडे वळू. हा आकडा खोटा नाही. पण तो ठरलेल्या कसोटीवर मोजलेला असतो. त्या कसोटीत तुमचा दिवे घाट नसतो, वाडीचा खडबडीत रस्ता नसतो, हडपसरची कोंडी नसते. या टेम्पोची बॅटरी १४.४ युनिटांची. कागदाप्रमाणे एका युनिटात जवळजवळ ११ किलोमीटर व्हायला हवेत. आपण वर सहाच धरले. माल भरलेला, रस्ता चढाचा, आणि चार्ज करतानाही थोडी वीज वाया जाते, म्हणून हात राखून धरले. त्या हिशेबाने गाडी एका भरण्यात पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर जाईल. सत्तरच्या खेपेला पुरेल. पण त्याच दिवशी दुसरी खेप मिळाली तर? भाडे नाकारावे लागेल, नाहीतर यार्डाजवळ चार्जिंगची जागा शोधून थांबावे लागेल. तिथला दर घरच्यापेक्षा जास्त असतो.

सासवडकरांना एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. सासवड वर आहे, पुणे खाली. जाताना गाडी भरलेली असते आणि दिवे घाट उतरायचा असतो. उतारावर पाय काढला की या गाडीची मोटार उलटी वीज तयार करते आणि ती थोडीफार बॅटरीत परत जाते. ब्रेकही कमी झिजतात. चढायचा घाट येतो तो परतताना, रिकाम्या गाडीने. ज्यांचा बाजार वर आणि शेत खाली, त्यांचे नेमके उलटे होईल. त्यांनी सहाऐवजी पाच किलोमीटर धरून हिशेब करावा.

वजनाचेही बोलले पाहिजे. आपल्याकडे साडेसातशे किलोच्या गाडीत हजार-बाराशे भरायची खोड आहे. ती कायद्याने चुकीची तर आहेच. पण विजेच्या गाडीत ती लगेच अंगावर येते. बॅटरी भराभर उतरते आणि घर गाठायच्या आत काटा तळाला जातो. चाळीस लिटरचे दुधाचे भरलेले कॅन असतील तर पंधरा, एवढाच तिचा माल. ज्याला रोज दीड टन कांदा न्यायचा आहे, त्याच्या कामाची ही गाडी नाही. टनाचा माल नेणारे विजेचे टेम्पोही निघाले आहेत, पण त्यांची बॅटरी मोठी आणि किंमतही मोठी.

आता वीज कुठून आणायची ते पाहू. गावात राहणाऱ्या बहुतेकांची अडचण गाडीत नसते, इथे असते.

घरची वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. रोज ७० किलोमीटर म्हणजे १२ युनिट. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर ३०० युनिट, आणि ते घरच्या दिवाबत्तीच्या वर. तेव्हा सगळी वाढ वरच्या टप्प्यात पडते. समजा, युनिट १२ ऐवजी १८ रुपयांना पडले. मग किलोमीटरला तीन रुपये होतील, बचत साडेतीनवर येईल, आणि ८० हजारांऐवजी लाखाच्या वर किलोमीटर चालवावे लागतील. म्हणून विजेचे जुने बिल काढा. कुठल्या टप्प्याला काय दर लागला, त्यावर वहन आकार किती, बाकीचे आकार किती, हे त्यात छापलेले असते. वाहनासाठी वेगळे मीटर मिळेल का आणि त्याचा दर काय, हे महावितरणच्या कचेरीत विचारा. घराचा मंजूर भार किती आहे तेही बघा. एक-दोन किलोवॅट भाराच्या घरात हा चार्जर लावला आणि त्याच वेळी गिझर चालू केला, तर वीज जाणार, आणि शेजारीही बोलणार.

काहींच्या मनात एक सोपी वाट येते. “शेतीपंपाची वीज आहे की! तिथेच लावू.” तसे करू नका. शेतीपंपाची जोडणी शेतीसाठी सवलतीने दिलेली असते. ती दुसऱ्या कामाला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीची वीज पाळीने येते, आज दिवसा तर उद्या रात्री. यार्डाची वेळ पहाटेची. पाळीच्या विजेवर ती कशी सांभाळणार? वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्यांनी आपल्या घरची वीज कुठल्या तारेवरून येते हे आधी वायरमनला विचारून घ्यावे. गावठाणात घर असेल तर ही चिंता कमी.

साधा पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग असेल तर गाडी भरायला पाच-सहा तास लागतात. रात्री दहाला लावली तर पहाटे तयार. मध्ये तीन तास वीज गेली तर तयार नाही. महिनाभर वहीत लिहा : रात्री वीज कधी गेली, कधी आली. ही नोंद कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगेल. अर्थिंग चांगले करून घ्या. ते बरोबर नसेल तर पुष्कळ चार्जर वीज घेतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात गाडी बिघडली.

देखभाल कमी, हे खरे आहे. इंजिनातले तेल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. पण जे बिघडेल ते चौकातल्या मिस्त्रीच्या हातचे नसते. कंपनीचे दुरुस्तीचे ठिकाण किती लांब आहे आणि गाडी बंद पडली तर ओढून नेण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे. जुन्या डिझेल पिकअपला बाजारात गिऱ्हाईक मिळते. जुन्या विजेच्या टेम्पोला पाच वर्षांनी काय भाव येईल, हे छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. सरकारी बाजूने काही सवलती आहेत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या वाहनांना वाहनकर माफ आहे. तुमच्या गाडीला काय लागू होते ते आर.टी.ओ. कचेरीत जाऊन विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका.

इतके करून आकडे जुळले, तरी लगेच सही करू नका. दुकानदाराकडे एक दिवस गाडी मागा. बऱ्याच ठिकाणी देतात. यार्डाच्या बोलीने नेहमीचा माल भरा. नेहमीच्या वेळी निघा, घाट उतरा, माल टाका, घाट चढून या. निघताना आणि परतल्यावर बॅटरी किती टक्के होती ते वहीत लिहा. मग घरी चार्जर लावा आणि सकाळी मीटरवर किती युनिट पडले ते वाचा. केलेल्या किलोमीटरांना त्या युनिटांनी भागा, आणि आपण वर धरलेल्या सहाच्या जागी तुमचा आकडा ठेवून हिशेब पुन्हा मांडा. दुकानातला माणूस म्हणेल, “पहिल्याच दिवशी एवढा माल कशाला भरता?” त्याला सांगा, रोज एवढाच भरायचा आहे.