पहिल्या नंबराच्या आधी

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला अंबाबाईचे दर्शन घडवायचे, रंकाळ्यावर भेळ खाऊ घालायची आणि मग खासबाग मैदानाच्या पायऱ्यांवर नेऊन बसवायचे, हा आमचा जुना शिरस्ता. शाहू महाराजांनी हे मैदान १९१२ साली पुरे करून घेतले. ते बशीसारखे मध्ये खोल आहे. अगदी वरच्या पायरीवर बसले तरी हौद्यातली कुस्ती पुढच्याच्या फेट्याआड जात नाही. पाहुणा खूश होतो, मग आम्ही नावे सांगू लागतो. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६० चे गणपतराव आंदळकर, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणणारे दादू चौगुले. तोवर पाहुण्याला भूक लागते आणि आपण त्याला मिसळ खायला नेतो.

ही सगळी पहिल्या नंबराची माणसे. पहिल्या नंबराची कुस्ती लागते ती दिवे लागल्यावर, मैदान खच्चून भरल्यावर. पण ज्या दिवशी मैदान असते त्या दिवशी दुपारी तीन वाजता, हलगीवाला अजून हलगी तापवत असताना, त्याच मातीत कोण लढत असते? ते पाहायला कोणी गेलेले नसते. निवृत्तीनंतर मला वेळच वेळ होता. दसरा २०२४ पासून पुढचा सबंध मोसम मी या दुपारच्या पोरांच्या मागे हिंडलो. आमच्या घरात या उद्योगाला ‘ह्यांची तालीम’ असे नाव पडले आणि माझ्या पोटाच्या घेराकडे पाहून त्यावर पुष्कळ हसून झाले.

ज्या तालमीत मी जात असे तिचे नाव सांगत नाही; वस्तादांना ते आवडणार नाही. जुन्या कोल्हापुरातली दगडी भिंतींची, बुटक्या दाराची तालीम. आत हौद्यात लाल माती. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली. कोपऱ्यात मारुती. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, आणि तिच्यात पिवळ्या-निळ्या रंगाची मॅट. माती आणि मॅट यांच्यामध्ये दहा पावलांचे अंतर होते. त्या दहा पावलांत पोरांचे काय होते, ते मला या मोसमात पाहायला मिळाले.

तालमीत नावाने कोणी हाक मारीत नाही, गावावरून मारतात. मी तिघांवर नजर ठेवली. शिराळकर तेरा वर्षांचा, काटकुळा, पण खारीसारखा चपळ. आंदळकरही शिराळा तालुक्यातलेच, पुनवतचे. तेव्हा त्याला तालुक्याचा अभिमान भारी. राधानगरीकर अठरा वर्षांचा, वजन सत्तावन्न किलोच्या आसपास घुटमळणारे. आणि सांगोलेकर वीस वर्षांचा, मानेचा खांब झालेला, बोलणे कमी आणि जेवण जास्त.

पहाटे चारला उठायचे, धावून यायचे, मग जोर, बैठका, दोर चढणे आणि लढत. ती झाली की कुंडीत बदाम घोटून थंडाई. दुपारी झोप, चारला पुन्हा माती. स्वयंपाक पोरे पाळीपाळीने स्वतःच करतात. सांगोलेकराच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे. तिने कुस्ती खेळली असती तर पहिल्या नंबरावर गेली असती.

गावोगावची मैदाने दिवाळीनंतर सुरू होतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांत त्यांना भर येतो. मैदानाची एक उतरंड असते. तळाला रेवड्यांच्या कुस्त्या. त्यांना ठरलेला जोड नसतो. पोरे लंगोट लावून कडेने उभी राहतात. पंच त्यांचे दंड चाचपतात, दोघांना शेजारी उभे करून उंची पाहतात आणि ‘ही लावा’ म्हणतात. जिंकणाऱ्याला पूर्वी खरोखरच रेवड्या किंवा नारळ मिळे. आता पन्नासाची, शंभराची नोट मिळते. त्याच्या वर ठरवून लावलेल्या कुस्त्या, आणि त्याही वर ज्यांचे फोटो गावाच्या वेशीवरच्या फ्लेक्सवर छापले जातात त्या. पाचवा नंबर, चौथा, तिसरा, असे चढत जायचे. फोटोचा आकार नंबराप्रमाणे वाढतो. सांगोलेकर त्या वर्षी पहिल्यांदा फ्लेक्सवर आला, तळाच्या ओळीत, तिकिटाएवढ्या फोटोत. आपला चेहरा शोधायला त्याला चांगला वेळ लागला. सापडल्यावर त्याने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि आईला धाडला.

शिराळकराच्या कुस्त्या मी डिसेंबर ते मार्च पाहिल्या. त्याचा हुकमी डाव टांग. समोरचा पोरगा खडाखडी करीत असतानाच हा कधी आत शिरला हे कळत नसे. कळे तेव्हा त्या पोराची पाठ मातीला लागलेली असे. एका गावी त्याने आपल्याहून वीतभर उंच मुलाला चीत केले. तेव्हा एका म्हाताऱ्याने फेट्याच्या शेवातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात ठेवली, आणि नंतर बराच वेळ स्वतःच्या फेट्याकडे पाहत बसला.

वस्ताद मात्र टाळी वाजवीत नसत. एकदा परतीच्या एस.टी.त त्यांनी मला विचारले, “सर, ह्यो पोरगा म्हंजे बंदा रुपया हाय. पर म्या खिशात ठेवून काय करू?”

गोष्ट अशी होती. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. तिथे आठ ते चौदा वयाची मुले निवडून घेतात. त्यांचे शिक्षण, राहणे, जेवण, सराव, सगळे लष्कर पाहते, आणि पुढे वयात आल्यावर निकषांत बसला तर तो सैन्यात भरती होतो. शिराळकर जुलैत चौदा पुरा होणार होता. म्हणजे हा मोसम हाच त्याचा शेवटचा. तालमीच्या वस्तादाला दहा वर्षांत असा एखादा पोरगा मिळतो. तो पाठवून द्यायचा की ठेवून घ्यायचा? ठेवला तर पाच-सहा वर्षांनी तालमीचे नाव होईल. पाठवला तर त्याच्या आईच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. त्याचे वडील नाहीत.

ती माउली महिन्यातून एकदा तूप घेऊन येई आणि उंबऱ्याबाहेर उभी राही. जुन्या तालमीत बायका आत जात नाहीत. (मुरगूडला मुली रोज मॅटवर कुस्तीचा सराव करतात, हे मी वस्तादांना एकदा ऐकवले. ते म्हणाले, “करू देत की, चांगलं हाय.” आणि विषय बदलला.) ती वस्तादांना म्हणाली, “वस्ताद, तुमी सांगाल तसं. पर त्येला पोटाला नोकरी लागंल असं बगा.” वस्तादांनी त्या रात्री जेवण केले नाही, असे मला राधानगरीकराने सांगितले.

आता या राधानगरीकराची गोष्ट. तो मॅटचा पोरगा. मातीतली निकाली कुस्ती निराळी. तिथे पाठ लागेपर्यंत निकाल नाही. वीस-वीस मिनिटे दम धरणारा, समोरच्याला थकवणारा मल्ल तिथे शहाणा ठरतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढून खाली आणले की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, दहा गुणांचा फरक पडला की खेळ खलास. तिथे दम धरून बसणाऱ्याला पंच आळशी समजतात आणि ताकीद देतात. गावाला माती आवडते, कारण तिच्यात डोळ्याला निकाल दिसतो. ऑलिंपिक आणि नोकऱ्या मॅटवर आहेत. महाराष्ट्र केसरीनेही हा तंटा कायमचा मिटवलेला नाही. तिथे माती आणि गादी असे दोन विभाग ठेवलेले आहेत आणि दोहोंचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात.

हा पेच नवा नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटवर उतरण्याची त्यांची ती पहिलीच वेळ, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता सत्तावन्न किलोचा. राधानगरीकराला हे पाठ होते. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतने ब्राँझ मिळवले तेही सत्तावन्न किलोतच, हेही. त्याच पॅरिसला विनेश फोगट शंभर ग्रॅमसाठी अंतिम लढतीला मुकली, हे मात्र तो बोलत नसे.

जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी चार दिवस त्याचे वजन साडेअठ्ठावन्न होते. त्याने पाणी तोडले, स्वेटरवर स्वेटर चढवून उन्हात धावला, चिंचेची आंबट गोळी चघळून थुंकत राहिला. ते पाहणे सुखाचे नव्हते. माझ्या मते वाढत्या वयाच्या पोरांना हे करू देऊ नये, आणि तसे मी वस्तादांना सांगितलेही. ते म्हणाले, “म्या बी सांगितलंय. ऐकतोय कुठं?” चाचणीच्या सकाळी काटा तीनशे ग्रॅम वर राहिला. मग एकसष्ट किलोत उतरला. पहिली कुस्ती जिंकला. दुसऱ्या कुस्तीत समोर आलेल्या मुलाला एकसष्ट हा आपलाच गट होता. तो ताजातवाना होता, आणि याच्या मांड्या लटपटत होत्या. पहिल्या फेरीतच दहा गुण गेले. तो कपडे न बदलता कोपऱ्यात बसून सलग तीन बाटल्या पाणी प्याला.

त्याच आठवड्यांत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री साऱ्या तालमीने एका मोबाईलभोवती डोकी घालून ती पाहिली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला. त्याआधी निकालावरून झालेल्या वादावर पोरे पहाटेपर्यंत भांडली. कोल्हापूरकरांना गदेचा विषय हळवा आहे. २००० साली दादू चौगुल्यांचे चिरंजीव विनोद यांनी ती आणली, आणि मग थेट २०२२ ला, साताऱ्यात, पन्हाळ्याकडच्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटलाने. त्याने आदल्याच वर्षी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत मॅटवर ब्राँझ मिळवले होते. म्हणजे माती आणि मॅट दोन्हींवर पाय ठेवता येतो. पण त्याला खुराक लागतो, आणि खुराकाला पैसा. कागलच्या शाहू साखर कारखान्याने मॅटवरच्या स्पर्धा भरवून पोरांना मानधन दिले, त्याचा कित्येकांना आधार झाला. बाकीच्यांना घरची म्हैस.

सांगोलेकराच्या घरी म्हशीही दोनच. म्हणून तो मातीत राहिला. मार्चपासून तो आठवड्याला दोन मैदाने करीत असे. इनामातले निम्मे घरी धाडी. मॅटवर ये, असे वस्ताद किती वेळा म्हणाले! तो म्हणे, “वस्ताद, मॅटवर हारलो तर एस.टी.चं भाडं बी निघत न्हाई.” या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अक्षय तृतीयेच्या सुमारास एका मोठ्या जत्रेत त्याची तिसऱ्या नंबराची कुस्ती लागली. फ्लेक्सवरचा फोटो आता वहीच्या पानाएवढा होता. पंचवीस मिनिटे दोघे एकमेकांना रेटत राहिले. एकदा सांगोलेकराने घिस्सा ओढला, मैदान उठून उभे राहिले, पण समोरचा मातीवर पोट टेकून निसटला. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. इनाम दोघांत वाटले. परतताना त्याचा डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

शिराळकराला वस्तादांनी स्वतः बेळगावला नेले. धावणे, उंची-वजन, डॉक्टरी, मग कुस्ती. मी बरोबर नव्हतो. संध्याकाळी फोन आला. वस्ताद एवढेच म्हणाले, “घेतला सर त्येला.” पुढे बराच वेळ दोन्हीकडे गप्प.

पावसाळ्यात तालीम ओकीबोकी होती. सांगोलेकर गुडघ्याला पट्टी बांधून गावी गेला. शिराळकराच्या खुंटीवर नव्या पोराचा लंगोट आला. तो भुदरगडचा, अकरा वर्षांचा, अजून घरच्या आठवणीने रात्री रडतो. शिराळकराने एकदा फोन केला. म्हणाला, जेवण चांगले आहे, शाळेत हिंदीची भीती वाटते, आणि “वस्ताद, हितं मातीचा वास येत न्हाई.” वस्तादांनी त्याला टांग मारताना डावा हात खाली सोडू नको, म्हणून तीनदा बजावले.

गणपतीनंतर सांगोलेकर परत आला. डॉक्टरांनी जानेवारीपर्यंत मातीत उतरू नको म्हटले आहे. तो कडेला बसून भुदरगडकराच्या बैठका मोजतो, आणि पोरगा दमला की आकडे चुकवून त्याला लवकर सोडतो. वस्तादांच्या हे ध्यानात आले आहे. ते बोलत नाहीत. राधानगरीकराने सत्तावन्नाचा नाद सोडला. एकसष्ट किलोत भरभक्कम होऊन उतरायचे ठरवून तो सध्या दोन माणसांचे जेवतो. दिवाळीनंतरच्या पहिल्या मैदानाचा फ्लेक्स परवा छापायला गेला. त्यात चौथ्या नंबरावर त्याचा फोटो आहे. वस्तादांनी तो छापखान्यात जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहिला, आणि नाव बरोबर आहे ना, म्हणून मला वाचायला लावले.