चालायला सांगतो, पण चालायचे कुठे?

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन. तक्रार कोणतीही असो, चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ ठरलेली असते: रोज अर्धा तास चालणे. नालासोपारा पूर्वेच्या किंवा विरारच्या दाट वस्तीतून आलेला रुग्ण त्यावर विचारतो, "डॉक्टर, चालू कुठे?" पदपथ फेरीवाल्यांनी भरलेला आणि रस्ता रिक्षांनी. त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर औषधांच्या दुकानात मिळत नाही. ते महापालिकेच्या नगररचना विभागात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वमधुमेह म्हणजे साखर वाढू लागली आहे, पण आजार अजून पक्का झालेला नाही अशी अवस्था. नियमित चालण्याचा सर्वांत जास्त लाभ इथेच होतो. मुलांच्या डोळ्यांचेही तसेच आहे. दिवसाच्या उजेडात खेळल्याने लघुदृष्टीचा धोका कमी होतो. म्हणून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर नेण्याचा कार्यक्रम राबवला. घरात दिवा कितीही मोठा लावला, तरी बाहेरच्या उजेडाची बरोबरी होत नाही.

वसईला मोकळ्या जागेची महती नव्याने सांगायला नको. पश्चिमेकडच्या वाड्यांतील बावखले पावसाचे पाणी धरून ठेवत आणि ते जमिनीत मुरवत. हा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'ची चळवळ उभी केली. २००९ मध्ये चार नगर परिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यानंतर माणसे वाढत गेली, जमीन मात्र तेवढीच राहिली.

शहरातली बाग आधी कागदावर जन्मते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात उद्यान, मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित होतात. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. ती जागा पैसे किंवा विकास हक्क देऊन ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत तसे झाले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षणच रद्द होते. नकाशावरचा हिरवा ठिपका असा गुपचूप पुसला जातो.

दुसरा धोका अतिक्रमणाचा. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. आरक्षण वेळेत राखले असते, तर त्यांची आयुष्यभराची पुंजी बुडाली नसती.

तिसरा धोका सभ्य वेशात येतो. 'बाग कशाला, इथे रुग्णालय होऊ द्या.' बंगळुरूत नेमके हेच घडले होते. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवले. सरकारी रुग्णालयात आयुष्य घालवलेला डॉक्टर म्हणून मला हा निकाल पटतो. खाटा हव्यातच, पण मैदान खाऊन बांधलेले रुग्णालय स्वतःसाठीच रुग्ण तयार करते.

मग आपण काय करावे? आपल्या प्रभागाचा विकास आराखड्यातील नकाशा पाहावा. उद्यान, मैदान म्हणून दाखवलेले भूखंड प्रत्यक्षात कोणत्या अवस्थेत आहेत, हे जाऊन बघावे. ते ताब्यात आले का, कधी येणार, हे माहिती अधिकारात विचारावे. सिडकोने तयार केलेला आराखडा २००१ ते २०२१ या काळासाठी होता. पुढचा आराखडा येईल तेव्हा हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती चुकवू नये. मोठ्या गृहसंकुलात किमान दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याचा नियम आहे. तिथे शेड किंवा कायमचा मंडप उभा राहू देऊ नये.

बाग मिळाल्यावरही काम उरतेच. पहाटे आणि रात्री उघडे फाटक, दिवे, स्वच्छतागृह, बसायला बाक. हे नसेल तर महिला, वृद्ध आणि मुले तिथे फिरकत नाहीत. कारंज्यात साचलेले पाणी काढले नाही, तर आम्हाला डेंग्यूचे रुग्ण मिळतात. शोभेच्या हिरवळीपेक्षा वड, कडुलिंब, करंज यांची सावली जास्त उपयोगी.

चिठ्ठीवरची ती एक ओळ रुग्णाला पाळता यावी, एवढी जागा त्याच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असायला हवी. ती राखणे महापालिकेचे काम आहे आणि ती राखली जाते की नाही हे पाहणे आपले.