दूरचा वर्ग आणि गावचे घर



घर बांधणे हा बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडणारा उद्योग आहे. परंतु त्यात झालेली चूक मात्र दोन-दोन पिढ्यांना भोगावी लागते. खिडकी लहान पडली किंवा छप्पर फार तापू लागले, की ती चूक विजेच्या बिलाच्या रूपाने दरमहा आपल्याकडून वसूल होत राहते. ज्या इमारतीला वीज, पाणी व बांधकामाचे साहित्य बेताचे लागते आणि तरीही जीत राहणाऱ्यास उजेड व वारा पुरेसा मिळतो, तिला आज ‘हरित इमारत’ म्हणतात. हे शास्त्र आता ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या द्वारे घरबसल्या शिकता येते. या शिक्षणाने काय साधते आणि काय साधावयाचे राहून जाते, एवढेच आज पाहू.

भारत सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : चित्रित व्याख्यान, वाचनाचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेणारे प्रश्न आणि शंकांची चर्चा. शिकण्यास शुल्क पडत नाही. प्रमाणपत्राची परीक्षा देणाऱ्यास मात्र ते भरावे लागते. बेळगावच्या किंवा ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला एखाद्या आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता यावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या विषयाचा एक स्वभाव आहे. पाठ सर्वत्र एकच असला, तरी त्याचे उत्तर गावोगाव बदलते. एक उदाहरण घेऊ. ‘इको निवास संहिता’ ही निवासी इमारतींसाठीची संहिता २०१८ साली प्रसिद्ध झाली. घराच्या आतील वापराच्या क्षेत्राच्या मानाने बाहेरच्या हवेत उघडणाऱ्या जागा किती असाव्यात, याचे प्रमाण तीत दिले आहे. आतून ६० चौरस मीटर असलेले घर पणजीसारख्या उष्ण व दमट हवेत असेल, तर अशी उघडी जागा निदान १० चौरस मीटर हवी. तेच घर इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील संमिश्र हवामानात असेल, तर साडेसात चौरस मीटर पुरते. आणि अहमदाबादच्या उष्ण-कोरड्या हवेत सहा. दमट हवेत अंगावरचा घाम वाळावयास वारा लागतो. कोरड्या प्रदेशात बाहेरची तप्त हवा दुपारी आत येऊ न देणेच हिताचे ठरते. येथे आणखी एक खुबी आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही मोठी असली, तरी तिचा अर्धाच भाग उघडतो. म्हणून हिशेबात ती अर्धीच धरावयाची. दारासारखी बाहेर उघडणारी खिडकी मात्र नव्वद टक्के धरली जाते. आज घरोघर सरकत्या खिडक्या बसत आहेत. मोजल्यास कित्येक घरे या कसोटीला उतरणार नाहीत.

मग कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण ही संहिता मुख्यतः ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे. तुमचे-आमचे लहानसे घर सहसा तिच्या कक्षेबाहेर राहते. जेथे नियम पोहोचत नाही, तेथे ज्ञानानेच पोहोचले पाहिजे. आणि लहान घराची खिडकी ठरवितो कोण? गवंडी, सुतार आणि घरधनी. इंग्रजी व्याख्यान यांच्यापाशी आपोआप येत नाही.

यावर तोडगा आपल्याच मराठी मुलखात एकदा सापडला होता. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि जमेल ते गावात करून पाहत. असे एकंदर २० कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळक दिसली. इतर गावांत ती नगण्य होती. नुसत्या ऐकण्याने जे होत नव्हते, ते एकत्र बसून बोलण्याने झाले.

ऑनलाइन वर्गालाही हाच न्याय लागू आहे. गावातील शाळेने किंवा वाचनालयाने दहा-बारा जण जमवावेत. त्यांत एक गवंडी व एक सुतार अवश्य असावा. इंग्रजी जाणणाऱ्याने पाठाचे सार मराठीत सांगावे. नंतर सर्वांनी फीत घेऊन शाळेच्याच खिडक्या मोजाव्यात, माध्यान्ही कौलारू खोलीत व स्लॅबच्या खोलीत उष्णतामापक टांगून आकडे फळ्यावर लिहावेत. दूरच्या गुरूने सूत्र द्यावे. त्यात घालावयाचे आकडे मात्र आपल्याच भिंतींपाशी मिळतात. पुढच्या वर्षी गावात जे नवे घर उभे राहील, त्याची खिडकी योग्य मापाची निघाली, तर तो अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला असे समजावे.