शेवटच्या माणसाले ऐकू गेलं पाह्यजे

आमचं राजेगाव बालाघाट जिल्ह्यात, अगदी महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर. बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा. शाळा हिंदीतून, घरात मराठी, शेजारी पोवारी आणि बाजारात जे तोंडाला येईल ते. अशा गावात बसून मी ऑपेरावर लेख लिहितेय म्हटल्यावर घरात आधी हशा पिकला. बाबा म्हणाले, "ते किंचाळतात ते काय वो?" होय, तेच.

निमित्त माझ्या भाचीचं. 6 मे 2023 चा शनिवार. बाहेर ऊन रणरणत होतं, गावात लग्नसराई, आणि नागपूरहून सुट्टीला आलेली भाची खाटेवर मोबाइल घेऊन बसलेली. ती तेव्हा सोळा वर्षांची. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर, पण त्या दिवसांत तिला बोलायची बंदी होती. एका टीव्ही कार्यक्रमाच्या ऑडिशनसाठी तिने दोन महिने रोज चार-चार तास वरच्या पट्टीतली सिनेमाची गाणी घोटली होती. आधी आवाज घोगरा झाला, मग फुटायला लागला. तरी ती तशीच गाऊन आली, निवड झाली नाही ती नाहीच, आणि घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज आहे असं सांगून तीन आठवडे गप्प बसवलं. काही हवं असलं की ती वहीत लिहून दाखवायची.

त्या ऑडिशनचा फॉर्म मी भरला होता. वहिनीचं मन मी वळवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तर मोबाइलवर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतला राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाचा सोहळा चालू होता. मधेच पिवळ्याधमक झग्यातली एक कृष्णवर्णीय गायिका उभी राहिली आणि गायला लागली. भाची ताठ बसली. गाणं संपल्यावर तिने वही पुढे केली. लिहिलं होतं, "आत्या, हिच्या हातात माइक नाही."

टीव्हीसाठी कुठेतरी माइक असणारच. पण एरवी ही मंडळी भल्या मोठ्या नाट्यगृहात, साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद समोर असताना, माइकशिवायच गातात. मला तरी त्या दिवशी हे कुठे ठाऊक होतं! त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघींनी मिळून शोधलं. ती वहीत लिहायची, मी मोठ्याने वाचायची.

गायिकेचं नाव प्रिटी येंडे. दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटीफ या लहानशा शहराजवळच्या वस्तीत 1985 साली जन्मलेली. घरात, चर्चमध्ये गाणं भरपूर, पण ऑपेरा ऐकलेला नव्हता. सोळाव्या वर्षी टीव्हीवर एका विमान कंपनीची जाहिरात लागली, त्यामागे दोन बायकांचे आवाज एकमेकींत गुंफलेले. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या शिक्षकांना विचारलं, हे काय होतं आणि हे माणसाला जमतं का. शिक्षक म्हणाले, ऑपेरा, आणि हो, जमतं. हिशेबनीस व्हायचा बेत तिने बाजूला ठेवला आणि पुढे केपटाउनला गाणं शिकायला गेली. 2009 मध्ये व्हिएन्नाच्या बेल्वेडेर स्पर्धेत तिने सगळ्या गटांतली पहिली बक्षिसं पटकावली. असं त्या स्पर्धेत आधी कुणी केलं नव्हतं. 2011 मध्ये मॉस्कोत झालेल्या ऑपेरालिया स्पर्धेतही पहिली. ही स्पर्धा प्लासिदो डोमिंगो या मोठ्या गायकाने 1993 मध्ये सुरू केली. शेकडो अर्जांतून चाळीसेक जणांना बोलावतात आणि अंतिम फेरी पूर्ण वाद्यवृंदाबरोबर होते.

आता गंमत बघा. त्या जाहिरातीतलं द्वंद्वगीत ज्या ऑपेरातलं, त्याचं नाव 'लाक्मे'. फ्रेंच संगीतकार देलीब याचा हा ऑपेरा 1883 साली पॅरिसमध्ये आला. कथा भारतातली, नायिका नीलकंठ नावाच्या पुजाऱ्याची मुलगी, आणि लाक्मे म्हणजे फ्रेंच तोंडातून गेलेली आपली लक्ष्मी. टाटांनी 1952 मध्ये सौंदर्यप्रसाधनं काढली तेव्हा नाव घेतलं ते याच ऑपेरावरून. शेवटी ती लाक्मे धोत्र्याचं पान खाऊन जीव देते. धोत्रा आमच्या बांधावर हवा तेवढा. म्हणजे आपलीच लक्ष्मी पॅरिसला गेली, तिथून विमानाच्या जाहिरातीत बसून आफ्रिकेत उतरली आणि राजेगावच्या खाटेवर परत आली. भाचीने हे वाचलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा खदखदून हसली, आवाज न काढता.

त्याच सोहळ्यात एक धिप्पाड माणूसही गायला, ब्रिन टर्फेल. तो उत्तर वेल्समधल्या पँटग्लास या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. वेल्समध्ये गावोगाव गाण्याच्या आणि कवितेच्या स्पर्धा भरतात, त्यांना आइस्टेडफोड म्हणतात. पोरगं बोलायला लागलं की स्टेजवर. हे ऐकून बाबा सरसावून बसले, कारण हे त्यांच्या ओळखीचं निघालं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या स्पर्धा आमच्या भागात, नदीच्या दोन्ही काठांवर, होत आल्या आहेत. बाबांनी तरुणपणी त्यात भाग घेतलेला. "म्हंजे भजनातलाच पोरगा होय तो," ते म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या घरात टर्फेलचं नाव 'भजनवाला' पडलं.

या भजनवाल्याची गोष्ट मला येंडेपेक्षाही जास्त सांगावीशी वाटते, कारण तो हरला होता. वेल्सची राजधानी कार्डिफ इथे 1983 पासून बीबीसी जागतिक गायनस्पर्धा घेते. दर दोन वर्षांनी, देशोदेशींचे तरुण गायक येतात. 1989 ला टर्फेल तेवीस वर्षांचा, घरच्या मैदानात, सगळा वेल्स त्याच्या मागे. समोर सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा सव्वीस वर्षांचा द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की. दोघांचाही आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीतला. मुख्य बक्षीस रशियनाला गेलं, टर्फेलला लीडर म्हणजे जर्मन भावगीतांचं बक्षीस मिळालं. लोक अजून भांडतात खरा विजेता कोण यावर. पण दोघेही पुढची कित्येक वर्षं जगातल्या मोठ्या रंगमंचांवर गात राहिले. ह्वोरोस्तोव्स्की 2017 मध्ये गेला. अमेरिकेची जॉइस डिडोनाटो 1998 च्या ऑपेरालियात दुसरी आली होती, आज तिचं नाव पहिल्या रांगेत घेतात.

कार्डिफच्या मुख्य विजेत्यांच्या यादीत 1997 आणि 2007 ला चीन आहे, 2021 ला दक्षिण कोरिया आहे. भारत अजून नाही.

आवाज माइकशिवाय पोचतो कसा, हे भाचीला सगळ्यात जास्त हवं होतं. योहान सुंदबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने यावर बराच अभ्यास केला. वाद्यवृंदाचा सगळ्यात मोठा जोर सेकंदाला साधारण 500 कंपनांच्या आसपास असतो, त्याच्या वर तो ओसरत जातो. तयार गायक, विशेषतः पुरुष गायक, घसा आणि तोंडाची पोकळी अशी ठेवतात की त्यांच्या आवाजात 3000 कंपनांच्या जवळपास एक वेगळी धार येते. तिथे वाद्यं कमजोर असतात आणि आपला कान नेमका तिथे तिखट असतो. वाद्यांशी कुस्ती न खेळता आवाज मोकळ्या गल्लीतून निघून जातो. बायकांच्या फार वरच्या सुरांना वेगळी युक्ती लागते, त्या सुरागणिक तोंडाचा आकार बदलतात. सोप्रानो गायिकेच्या वरच्या 'सा'ला स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा हलतात. हे वाचताना भाचीने नकळत गळ्याला हात लावला. ताकद लावून हे होत नाही, श्वासावर होतं, आणि त्याला वर्षं लागतात.

म्हणूनच ऑपेरालिया आणि कार्डिफ दोन्हींत अठरा वर्षांखालच्या कुणाला घेत नाहीत, वरची मर्यादा बत्तीस. बत्तिसाव्या वर्षीही ते 'तरुण गायक'! आपल्याकडे बारा वर्षांच्या पोराने टीव्हीवर मोठ्या माणसासारखं गायलं की आपण डोळे पुसतो, आणि सोळाव्या वर्षी निवड झाली नाही की वेळ गेली म्हणतो. मीही तेच म्हटलं होतं तिला, फॉर्म भरताना.

बाबांना शास्त्राची गरज पडली नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं होतात, होळीपर्यंत हा हंगाम. बाबा म्हणाले, "आमच्या वेळी कुठला आला माइक? शेवटच्या माणसाले ऐकू गेलं पाह्यजे, नाहीतं लोकं उठून जात." झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्येच पद्मश्री मिळाली, तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते, स्वतःला मिळाल्यासारखे.

नाट्यसंगीत म्हणजे मराठी ऑपेरा असं बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. आपल्याकडे संवाद बोलतात, पद रंगलं की वन्समोअर येतो आणि गायक तेच पद नव्याने फुलवतो. तिकडे लिहिलेल्या सुरापासून फारसं हलता येत नाही. पण मुंबईत गिरगावला दोन्ही एका छपराखाली नांदून गेले. रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, आणि पुढे त्याच रंगमंचावर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ गायले. नंतर तिथे सिनेमे लागले, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं आणि ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा उघडलं. उघडताना गायला बोलावलं ते पॅट्रिशिया रोझारियो यांना.

या बाई मुंबईत 1960 साली गोव्याच्या कुटुंबात जन्मल्या. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकल्या, तिथलं सुवर्णपदक मिळवलं. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. 2001 मध्ये ब्रिटनने ओबीई हा किताब दिला. मला मात्र त्यांचं पुढचं काम मोठं वाटतं. भारतात गळे आहेत, पण ही गायकी शिकवणारे नाहीत, हे ओळखून त्यांनी पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह 2009 मध्ये 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला. मुंबई, गोवा आणि इतर शहरांत येऊन तरुणांना शिकवायला लागल्या.

भाचीच्या वहीत या नावाखाली दोन रेघा होत्या.

जूनमध्ये भाऊ तिला न्यायला आला. डॉक्टरांनी आवाजाला परवानगी दिली होती. तिने वडिलांना सांगितलं की मला हे शिकायचंय. भाऊ तिला काही बोलला नाही. रात्री अंगणात मला म्हणाला, "ताई, तिचा एकदा आवाज गेला. आता पुन्हा घालवायचा आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. येंडेचं नाव सांगणं सोपं आहे, पण दर येंडेमागे किती मुली पहिल्याच फेरीतून परत गेल्या असतील! मी एवढंच म्हटलं की या वेळी फॉर्म भरायचा नाही, आधी शिक्षक शोधायचा. आणि वर्षभर स्पर्धा हा शब्द घरात काढायचा नाही. भाऊ म्हणाला, बारावी झाली पाहिजे. भाची म्हणाली, होईल.

शोधाशोध करून पुण्याच्या एक बाई मिळाल्या, आठवड्यातून एकदा ऑनलाइन. पहिले तीन महिने त्यांनी गाणं शिकवलंच नाही. जमिनीवर पाठ टेकून श्वास, ओठ मिटून गुणगुण, पाच सुरांची ये-जा. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त केलं तर ओरडा. चार-चार तासांची सवय असलेल्या पोरीला ते वीस मिनिटांवर थांबणं सगळ्यात जड गेलं. सहा महिन्यांनी 'कारो मिओ बेन' हे विद्यार्थ्यांना सुरुवातीला देतात ते इटालियन गाणं मिळालं. ती इटालियन शब्द देवनागरीत लिहून ठेवते. तिच्या मते इटालियन देवनागरीत छान बसतं, जसं लिहिलं तसं म्हणायचं.

बारावी झाली, बऱ्या टक्क्यांनी. आता ती अठराची आहे आणि वाणिज्य शाखेत शिकते, तेही येंडेसारखं आहे असं मीच तिला चिडवते. या दिवाळीत भाऊबीजेला सगळे राजेगावला जमलो. गावात मंडईची तयारी, कुठेतरी दंडारीची ढोलकी. संध्याकाळी बाबा काठी घेऊन निघाले आणि तिला म्हणाले, "चाल, खळ्यावर." धानाची कापणी अजून व्हायची होती, खळं मोकळं होतं. तिला त्यांनी एका टोकाला उभं केलं आणि स्वतः चालत चालत पार पलीकडे, बांधाच्याही पुढे, चिंचेखाली जाऊन थांबले. ऐंशीच्या पुढचा माणूस, एका कानाने कमीच ऐकतो. भाऊ माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

ती गायली. मला वाटलं होतं मोठ्याने गाईल, पण जवळ उभं राहून ऐकताना आवाज मोठा वाटतच नव्हता. मी घाबरून चिंचेकडे बघितलं. बाबांनी काठी वर केली होती.