ओल विचारणारा गोदामवाला

वारंगा फाट्यावर गाडी मिळायला वेळ लागत नाही. अकोला-हिंगोली-नांदेड आणि नागपूर-तुळजापूर हे दोन महामार्ग इथे भेटतात, टपरीवर चहा होईपर्यंत भाडं ठरतं. पण वर्षभराची हळद अशी कुणाच्याही हवाली करता येत नाही. शिजवून, वाळवून, पॉलिश करून कट्टे भरावेत तोवर बाजारात आवक वाढून भाव उतरलेला असतो. मग माल ठेवायचा कुठे, हा कळमनुरी-वसमत पट्ट्यातल्या घराघरातला प्रश्न.

यंदा चुलतभावासोबत मीही गोदामं पाहत फिरलो. पहिल्या ठिकाणी मालक म्हणाले, "आणून टाका भाऊ, काळजी सोडा." मालाबद्दल एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने कट्ट्यात हात खोल घालून हळकुंडं काढली आणि एकेक मोडून पाहिलं. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खणखणीत वाजतं. ओल असली तर ते दबतं. काही कट्टे त्याने सरळ परत न्यायला लावले. भाऊ चिडला. मला मात्र तोच माणूस पटला. आमची ओली हळद नाकारणारा दुसऱ्याचीही नाकारेल, आणि थप्पीतल्या एका ओल्या कट्ट्याची बुरशी शेजारच्या मालाला लागते. त्याच्या थप्प्या लाकडी फळ्यांवर होत्या, भिंतीपासून हात-दोन हात सुटलेल्या. पत्र्याखाली गळतीचे डाग नव्हते.

पावतीवर नाव, कट्टे, वजन, प्रत, भाडं, विमा हे सगळं यायलाच हवं. 2007 च्या वखार कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँकेचं कर्ज मिळू शकतं. बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून चालणारी शेतमाल तारण योजनाही आहे. पडत्या भावात माल विकायची पाळी टळते, ती अशा कागदामुळे.

वाहतुकीचं मात्र आपण फारच सैल सोडतो. बिल्टीवर फक्त कट्टे आणि वजन लिहून घेतो, किंमत लिहीत नाही. रस्ते मालवाहतुकीचा कायदाही 2007 चाच. त्याखालच्या नियमांनुसार किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर नुकसानभरपाई भाड्याच्या दहा पटींपुरतीच. म्हणजे भाडं 8 हजार असेल तर 80 हजार, आणि गाडीत माल कित्येक लाखांचा! हे ऐकल्यावर भावाने बिल्टीवर किंमत लिहायला लावली आणि वाढीव दर कुरकुर न करता दिला. माल हरवला किंवा भिजला, तर दावा लावण्याआधी बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते; म्हणून ती बिल्टी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायला वहिनींना सांगितलं.